गुलमर्गचा डिसेंबर: बर्फ कधी पडतो, कधी बसतो आणि त्यात फिरायचे कसे?

नाताळच्या सुट्टीत काश्मीरला जाऊन बर्फ पाहायचा, हा बेत पुण्यात, विशेषतः कोथरूडसारख्या उपनगरांत, आता नवा राहिलेला नाही. मुलांच्या शाळा आणि मोठ्यांच्या रजा सांभाळायच्या तर डिसेंबरचा शेवटचा आठवडाच सोयीचा पडतो. विमानाची तिकिटे आणि हॉटेल यांचे पैसे दोन-तीन महिने आधी भरले जातात. बर्फाचा अंदाज मात्र जेमतेम आठवडाभर आधी लागतो. त्यामुळे निघण्याच्या तोंडावर एकच प्रश्न उरतो: गुलमर्गला बर्फ असेल का?

या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. बर्फ पडला आहे का, पडलेला बर्फ जमिनीवर टिकला आहे का, आणि तिथपर्यंत नेणारा रस्ता व रोपवे चालू आहे का? हंगामाच्या सुरुवातीला या तिन्हींची उत्तरे बऱ्याचदा वेगवेगळी असतात.

बर्फ येतो कुठून?

महाराष्ट्राला पाऊस देणाऱ्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काश्मीरच्या हिवाळी बर्फाशी संबंध नाही. तो बर्फ येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या हवेच्या कमी दाबाच्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयापर्यंत पोहोचतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. हिंदी बातम्यांत ऐकू येणारा ‘पश्चिमी विक्षोभ’ तो हाच. वाटेत कॅस्पियन समुद्र, अरबी समुद्र यांच्याकडूनही त्यांना बाष्प मिळते. ही दमट हवा पीर पंजालच्या डोंगररांगेवर चढते, थंड होते आणि बाष्प बर्फ होऊन खाली येते. गुलमर्ग याच रांगेच्या उत्तर अंगाला, बारामुल्ला जिल्ह्यात आहे.

हिवाळ्याच्या एका महिन्यात असे साधारण चार ते सहा झंझावात येतात. मात्र प्रत्येकाची ताकद सारखी नसते. काही नुसते ढग आणून निघून जातात, काही दोन दिवसांत कंबरभर बर्फ टाकतात. डिसेंबरमध्ये एखादाच जोरदार झंझावात आला किंवा एकही आला नाही, तरी सगळे चित्र बदलते. म्हणूनच ‘गुलमर्गला डिसेंबरमध्ये बर्फ असतो’ हे विधान सरासरीने खरे असले, तरी ठरावीक तारखेसाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

उंचीचा हिशेब: कोथरूड, सिंहगड आणि अफरवत

बर्फ पडणार की पाऊस, हे हवेच्या तापमानावर ठरते आणि तापमान उंचीवर. दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. कोथरूड समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० ते ६०० मीटरवर आहे आणि सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे गडावर हवा चार-पाच अंशांनी गार असते, हा पुणेकरांच्या रोजच्या अनुभवातला फरक आहे.

हाच हिशेब काश्मीरला लावता येतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे सिंहगडाच्या दुप्पट. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगडूरीला नेतो आणि दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर. समजा गुलमर्गच्या बाजारात ४ अंश तापमान आहे आणि रिमझिम पाऊस पडतो आहे. त्याच वेळी कोंगडूरीला १ अंशाच्या आसपास तापमान असेल आणि तिथे ओला बर्फ पडत असेल. अफरवतवर ते उणे ४ च्या जवळ असेल आणि तिथे कोरडा, भुरभुरीत बर्फ साचत असेल. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर, तीन वेगळे ऋतू.

हंगामाच्या सुरुवातीला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. वर पांढरेशुभ्र आणि खाली पिवळे पडलेले गवत, हे दृश्य डिसेंबरमध्ये नेहमीचे आहे. त्यामुळे ‘गुलमर्गला बर्फ आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारणे भाग आहे.

पडलेला बर्फ आणि बसलेला बर्फ

पहिला बर्फ कापसासारखा हलका असतो. साधारण हिशेब असा, की १० सेंटिमीटर ताजा बर्फ वितळवला तर १ सेंटिमीटर पाणी होते. बाकी सारी हवा. अशा बर्फावर पाय ठेवला की तो थेट जमिनीपर्यंत जातो. पुढच्या दिवसांत कण मोडतात, एकमेकांना चिकटतात, थर दबतो. वरून आणखी बर्फ पडला की खालचा घट्ट होतो. असा दबलेला थर तयार झाला, की त्याला पाया धरला असे म्हणता येते.

पाया धरण्याआधी येणारे ऊन हा मोठा शत्रू असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दोन-तीन उन्हाच्या दिवसांत नाहीसा होतो. उत्तरेकडच्या, झाडांच्या सावलीतल्या उतारावर तोच थर आठवडाभर टिकतो. रात्री तापमान शून्याखाली गेले, की दिवसा वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि वर काचेसारखा निसरडा पापुद्रा धरतो.

हिमगोळे करायला, फोटो काढायला दहा सेंटिमीटर बर्फही पुरतो. गवताळ, सपाट उतारावर स्की शिकायची तर निदान ३० ते ५० सेंटिमीटर दबलेला थर लागतो. वरच्या खडकाळ उतारांवर त्याहून कितीतरी जास्त. पातळ थराखाली दगड, झाडांचे बुंधे आणि ओहळ लपलेले असतात. दिसायला सगळे सारखेच पांढरे, पण स्की दगडावर आपटली की गुडघा दुखावतो.

बर्फ नाही पडला तर? २०२४ आणि २०२५चा धडा

काश्मीरमध्ये हिवाळ्याचे पारंपरिक भाग ठरलेले आहेत. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. हा चाळीस दिवसांचा सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ जानेवारीअखेरीस संपतो. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. टिकणारा बर्फ चिल्लई कलानमध्ये पडावा, अशी खोऱ्यातल्या लोकांची अपेक्षा असते, कारण थंडीमुळे तो उन्हाळ्यापर्यंत डोंगरावर साठून राहतो आणि झरे, ओढे, शेती व बागांना पाणी पुरवतो.

२०२३-२४च्या हिवाळ्यात ही अपेक्षा बराच काळ पुरी झाली नाही. डिसेंबर कोरडा गेला आणि जानेवारी २०२४च्या पूर्वार्धात गुलमर्गची कुरणे उघडी, तपकिरी दिसत होती. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो सक्रिय होता आणि ताकदवान झंझावात खोऱ्याकडे फिरकलेच नाहीत. बर्फ आला तो जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत. त्याच फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा गुलमर्गला पारही पडल्या.

पुढच्या वर्षी उलटे घडले. २०२५च्या स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत ठरला होता. पुरेसा बर्फ नसल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चदरम्यान घेतला गेला. राष्ट्रीय स्पर्धेचे आयोजकही जिथे बर्फाची तारीख ठरवू शकत नाहीत, तिथे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेने ती ठरवणे कठीणच आहे.

युरोपातील आल्प्समध्ये अनेक स्की केंद्रे यंत्रांनी बर्फ तयार करून हंगाम वेळेवर सुरू करतात. ही यंत्रे पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत फवारतात आणि ते खाली येईपर्यंत गोठतात. त्यासाठी हवा शून्याच्या दोन-तीन अंश खाली असावी लागते. हवा कोरडी असेल तर थोडे जास्त तापमानही चालते. पाणी आणि वीज भरपूर लागते, ते वेगळेच. भारतात उत्तराखंडमधील औली येथे २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने अशी यंत्रणा बसवली गेली. गुलमर्गचे उतार मात्र आकाशातून पडणाऱ्या बर्फावरच अवलंबून आहेत.

कोरड्या डिसेंबरचा फटका पर्यटकापेक्षा स्थानिकांना जास्त बसतो. स्लेज ओढणारे, घोडेवाले, बूट भाड्याने देणारे आणि स्की शिकवणारे यांची वर्षाची मोठी कमाई याच काही आठवड्यांत होते.

गुलमर्गपर्यंत पोहोचणे

पुण्याहून बहुतेक जण विमानाने, अनेकदा दिल्लीमार्गे, श्रीनगरला जातात. डिसेंबर-जानेवारीत श्रीनगर विमानतळावर धुके आणि बर्फ यांमुळे विमाने उशिरा सुटतात किंवा रद्द होतात. रेल्वेने जायचे तर पुण्याहून सुटणारी झेलम एक्सप्रेस जम्मू तवीला जाते. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील पुलाचे उद्‌घाटन झाल्यापासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडीनेही जाता येते. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडी आणि बर्फामुळे अधूनमधून बंद पडतो. त्या काळात हा रेल्वेमार्ग विशेष उपयोगी ठरतो.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटरवर आहे. त्यातला शेवटचा, टंगमर्गपासूनचा सुमारे १३ किलोमीटरचा घाट महत्त्वाचा. रस्त्यावर बर्फ असेल, तर साध्या गाड्या टंगमर्गलाच थांबवल्या जातात. तिथून चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या स्थानिक गाडीने वर जावे लागते. या गाडीचे भाडे सहलीच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळे, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. ऐन वेळी सर्वाधिक वाद होतात ते यावरून.

साखळ्या लावलेली गाडीही वेगाने जाऊ शकत नाही. सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावरचे वितळलेले पाणी गोठलेले असते. डिसेंबरअखेरीस तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्यापेक्षा अर्धा तास आधी. एका दिवसात जाऊन यायचे असेल तर दुपारी चारच्या सुमारास घाट उतरायला लागणे सोयीचे.

गुलमर्गमध्ये गाडीतळापासून गोंडोलाच्या स्थानकापर्यंत सुमारे एक किलोमीटरचे अंतर आहे. चालत, घोड्यावरून किंवा स्लेजवरून जाता येते. चालताना पावले छोटी टाकावीत, पूर्ण तळवा टेकवावा आणि हात खिशात घालू नयेत. शहरी स्पोर्ट्स शूजचा तळ अशा बर्फावर घसरतो. खोल खाचांचे, पाणी न शिरणारे बूट टंगमर्गला भाड्याने मिळतात. स्लेज किंवा घोड्याचा दर, अंतर आणि माणसे बसण्यापूर्वी ठरवावीत. सरकारी दरपत्रक लावलेले असेल तर तेच दाखवावे.

एक छोटी पण उपयोगी गोष्ट: बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. बर्फात गटातली माणसे पांगली तर हे आठवते. तेव्हा उशीर झालेला असतो.

गोंडोला: तिकीट असूनही वर जाता येईलच असे नाही

गुलमर्गचा गोंडोला जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळ चालवते. फ्रेंच बनावटीच्या या रोपवेचा पहिला टप्पा १९९८मध्ये, तर दुसरा २००५मध्ये सुरू झाला. तिकिटे ऑनलाइन, तारीखवार काढावी लागतात आणि नाताळाच्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्याची तिकिटे लवकर संपतात. पहिल्या टप्प्याला साधारण नऊ मिनिटे आणि दुसऱ्याला बारा मिनिटे लागतात.

तिकीट हातात असले तरी वर जाणे हवेवर अवलंबून असते. अफरवतच्या उघड्या कड्यावर वारा वाढला, दृश्यमानता घटली किंवा हिमस्खलनाचा धोका असला, की दुसरा टप्पा बंद ठेवतात. पहिला टप्पा जंगलातून जातो, तिथे वाऱ्याचा जोर कमी असतो. तरी तोही बंद राहू शकतो. २५ जून २०१७ रोजी जोरदार वाऱ्यात एक झाड कोसळून केबिनला अपघात झाला आणि सात जणांचा मृत्यू झाला. वाऱ्यामुळे रोपवे बंद असल्याचे सांगितल्यावर हुज्जत का घालू नये, हे या घटनेवरून कळते.

दुसऱ्या टप्प्याचा चढ सुमारे ९०० मीटरचा, म्हणजे कोथरूड ते सिंहगडमाथा यांतल्या फरकाहून जास्त आहे. तो बारा मिनिटांत पार होतो. अफरवतच्या स्थानकावर हवेचा दाब, आणि त्याबरोबर मिळणारा ऑक्सिजन, पुण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. धाप लागणे, डोके दुखणे, मळमळणे ही सुरुवातीची लक्षणे. अशा वेळी धावपळ थांबवून खाली उतरणे हाच उपाय. हृदयविकार, दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही मुलांना गडद चष्मा हवा.

सुरुवातीचा पातळ बर्फ नंतर धोकादायक का ठरतो?

हंगामाच्या सुरुवातीच्या बर्फाचा एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. जमिनीजवळचे तापमान शून्याच्या आसपास असते आणि वरची हवा उणे दहापर्यंत जाते. थर पातळ असेल तर एवढा मोठा फरक थोड्या सेंटिमीटरांत मावतो. त्यामुळे खालच्या बर्फाची वाफ होऊन ती वर सरकते आणि पुन्हा गोठते. तयार होणारे कण मोठे, कोनदार आणि सुटे असतात, मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे घरंगळणारे. जानेवारीत या सुट्या कणांवर एक-दीड मीटर नवा बर्फ बसला, की साखरेवर ठेवलेल्या फरशीसारखी अवस्था होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती ‘फरशी’ सुटू शकते. हेच हिमस्खलन.

गुलमर्ग परिसराने असे अपघात पाहिले आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून आखलेल्या उतारांबाहेर जाणारे जाणकार एकटे जात नाहीत. शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे ते प्रत्येकाजवळ ठेवतात.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्यांनीही हे लक्षात घ्यावे. दगडी कडा आणि घसाऱ्याची ओळख बर्फाच्या उतारावर फारशी कामी येत नाही. नवशिक्यांसाठी बाजाराजवळचे सौम्य उतार योग्य. नीट शिकायचे असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे, आणि तिचे अभ्यासक्रम बर्फ स्थिरावल्यानंतरच्या महिन्यांत घेणे जास्त फायद्याचे.

निघण्यापूर्वी अंदाज कसा वाचावा?

हवामान विभागाचे लांब पल्ल्याचे अंदाज पुण्यात, शिवाजीनगरच्या कार्यालयात तयार होतात. कोथरूडला लागून असलेल्या पाषाणमधील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हवामानाच्या मॉडेलांवर काम करते. मात्र हंगामी अंदाज ‘सरासरीपेक्षा जास्त की कमी’ एवढेच सांगतो. २६ डिसेंबरला बर्फ असेल का, हे नाही. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात:

- दहा दिवस आधी: नवा पश्चिमी झंझावात येण्याची शक्यता वर्तवली आहे का? या टप्प्यावर फक्त दिशा कळते.
- पाच दिवस आधी: श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज. पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये असतील, तर १० मिलिमीटर म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर ताजा बर्फ, पण तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तरच.
- दोन दिवस आधी: टंगमर्ग-गुलमर्ग रस्ता, गोंडोलाचे दोन्ही टप्पे आणि हिमस्खलनाचा इशारा. हॉटेलला ‘बर्फ आहे का?’ असे न विचारता ‘बाजारात किती आणि कोंगडूरीला किती?’ असे विचारावे.
- व्हिडिओ पाहताना: तारीख तपासावी. पहिला बर्फ पडला, की मागच्या वर्षीच्या चित्रफितीही पुन्हा फिरू लागतात.

झंझावात येणार असेल, तर बर्फ पडतानाच्या दिवशी रस्ता आणि रोपवे बंद असण्याची शक्यता सर्वाधिक असते. सर्वांत चांगला दिवस असतो त्यानंतरचा, आकाश निवळलेला. म्हणून गुलमर्गसाठी एकच दिवस राखून ठेवण्याऐवजी श्रीनगरच्या मुक्कामात दोन-तीन दिवस मोकळे ठेवून त्यांतला योग्य दिवस निवडावा. परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवावा. तारखा बदलणे शक्य असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ डिसेंबरपेक्षा भरवशाचा. मात्र २०२५ने दाखवल्याप्रमाणे त्याचीही हमी नाही.

डिसेंबरलाच जायचे असेल, तर मुलांना ‘बर्फ पाहायला चाललो’ असे सांगण्याऐवजी ‘काश्मीरला चाललो’ असे सांगणे शहाणपणाचे. बर्फ मिळाला तर आनंदच. नाही मिळाला, तरी गोठू लागलेल्या दल सरोवरासाठी आणि चिनारांच्या निष्पर्ण रांगांसाठी दिवस हातात राहतात.